हाती घेतलेले लेखन आणि इस्तिकामत

मराठीत ‘आरंभशूर’ असा एक नेमका शब्द आहे. काम सुरू करताना ज्याच्या उत्साहाला सीमा नसते आणि मध्यावर पोहोचण्याआधीच ज्याचे हात गळतात, अशा माणसाला आपण हे विशेषण लावतो आणि हसून सोडून देतो. शेती, व्यापार, घरबांधणी अशा कामांत आरंभशूरता फार काळ लपत नाही. अर्धवट भिंत रस्त्यावरून दिसते, पडीक राहिलेले शेत शेजाऱ्याच्या नजरेत येते. लेखनाचे तसे नाही. कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेली अर्धी कादंबरी, सातव्या प्रकरणावर थांबलेले वडिलांचे चरित्र, मुलांसाठी लिहायला घेतलेल्या आणि तिसऱ्या गोष्टीनंतर बंद पडलेल्या प्रेषितकथा कोणालाही दिसत नाहीत. त्यांचा जाबही कोणी विचारत नाही. म्हणूनच एक प्रश्न उभा राहतो. ज्या कामाची जगात कोणी वाट पाहत नाही, ते पूर्ण करण्याची नैतिक जबाबदारी माणसावर असते काय? आणि असलीच, तर त्यासाठी लागणारी चिकाटी त्याने आणावी कोठून?

वाचकहो, आपल्यापैकी अनेकजण लिहितात. कोणी शाळेतून परतल्यावर लिहिते, कोणी घरातील सर्वजण झोपल्यावर स्वयंपाकघरातील दिव्याखाली लिहिते, कोणी सेवानिवृत्तीनंतर आयुष्याची जमाखर्चाची वही उघडून बसते. पुढील विवेचन अशा वाचकांना उद्देशून आहे. आणि जे स्वतः लिहीत नाहीत, पण ज्यांच्या घरात कोणीतरी लिहीत असते, त्यांनाही उद्देशून आहे.

लेखन ही एक साक्ष आहे

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. धार्मिक ग्रंथ लिहिणे पुण्यकर्म असेल. पण कथा, कविता, कादंबरी यांसाठी एवढा आटापिटा कशाला, असे काहींना वाटते. दिव्य कुरआनातील ‘अश्-शुअरा’ या सूरहच्या अखेरीस कवींवर कठोर टीका आहे. ते प्रत्येक खोऱ्यात भटकतात आणि जे करीत नाहीत ते बोलतात, असा तिचा आशय आहे. परंतु त्याच ठिकाणी अपवादही सांगितला आहे. ज्यांनी श्रद्धा बाळगली, सत्कर्मे केली, अल्लाहचे पुष्कळ स्मरण केले आणि अन्याय झाल्यावर त्याचा प्रतिकार केला, ते या टीकेतून वगळलेले आहेत. हजरत हस्सान बिन साबित (रजि.) यांच्या काव्यासाठी आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मस्जिदीत मिंबर ठेवविला होता, ही गोष्ट हदीससंग्रहांत नोंदलेली आहे. तात्पर्य, शब्दाची कला मुळात निंद्य नाही. ती कोणत्या हेतूने आणि कोणत्या सत्याशी बांधून घेऊन वापरली जाते, यावर तिचे मोल ठरते.

आता पुढचे पाऊल. मालेगावच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणारा कामगार, कोकणातील खाडीकाठच्या घरात परदेशी गेलेल्या मुलाच्या फोनची वाट पाहणारी आई, मराठवाड्यातील एखाद्या गावात पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्यांच्या सुखदुःखात मिसळलेले मुस्लिम कुटुंब यांचे जगणे ज्याने आतून पाहिले आहे, त्याच्याजवळ एक साक्ष असते. ती दुसरा कोणी तितक्या खरेपणाने देऊ शकत नाही. साक्ष लपविणाऱ्याचे हृदय अपराधी ठरते, असा इशारा सूरह अल्-बकरामध्ये आहे. तेथील संदर्भ देण्याघेण्याच्या व्यवहाराचा आहे आणि तो आदेश कथा-कादंबरीला जशाचा तसा लावता येणार नाही. तरीही त्यातील नैतिक तत्त्व आपल्याला विचार करायला लावते. ज्याला काही ठाऊक आहे, सांगण्याची शक्ती आहे आणि ज्याने सांगायला आरंभही केला आहे, तो मध्येच उठून जातो तेव्हा नुकसान केवळ त्याचे होत नाही. आपल्याविषयी इतरांनी अर्धेमुर्धे किंवा चुकीचे लिहिले, अशी तक्रार आपण नेहमी करतो. ज्या वह्या आपणच पूर्ण केल्या नाहीत, त्यांचा हिशेब या तक्रारीत कधी धरला जात नाही.

मन मध्येच का खचते?

लेखन अर्धवट राहण्याचे कारण विचारले, तर सर्वांत आधी ‘वेळ नाही’ हे उत्तर येते. ते पुष्कळदा खरे असते, पण पुरेसे नसते. ज्याला वेळ नाही त्याचे लेखन सावकाश चालते. ते थांबते त्याची कारणे बहुधा अंतःकरणात असतात. त्यांपैकी तीन कारणे इस्लामी शिकवणुकीच्या प्रकाशात तपासून पाहण्यासारखी आहेत.

पहिले कारण म्हणजे आगाऊ मिळालेली वाहवा. पुस्तक लिहायला घेतले की माणूस ते चार जणांना सांगतो. ते कौतुक करतात. लेखक म्हणून मिळणारा मान लेखन होण्यापूर्वीच पदरात पडतो आणि ज्या भुकेपोटी लेखणी हाती घेतली होती ती भूकच भागून जाते. प्रत्येक कर्माचे मोल हेतूवर ठरते, हे प्रेषितवचन आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. त्याचा एक व्यावहारिक अर्थ येथे उमगतो. दिखाव्याचा हेतू कर्माचे पारलौकिक फळ तर हिरावून घेतोच, शिवाय ते कर्म तडीस नेण्याची ताकदही त्याच्यात नसते. लोकांच्या नजरेवर चालणारे काम नजर हटताच थांबते. लेखनाचा मधला प्रदेश असा असतो की तेथे महिनोन्‌महिने कोणाचीही नजर नसते. तेथे फक्त तोच टिकतो, ज्याने अल्लाह पाहत आहे ही जाणीव मनात जागी ठेवली आहे.

दुसरे कारण अधिक फसवे आहे, कारण ते सद्‌गुणाच्या वेषात येते. ते म्हणजे निर्दोषतेचा हव्यास. पहिले प्रकरण मनासारखे उतरले नाही म्हणून ते पुन्हा लिहायचे, पुन्हा फाडायचे, आणि दुसऱ्या प्रकरणाकडे कधी वळायचेच नाही. कुरआनाच्या सूरह अन्-नहलमध्ये एका स्त्रीचा दृष्टान्त आहे. तिने कष्टाने घट्ट सूत कातले आणि नंतर स्वतःच्याच हातांनी ते उसवून त्याचे तुकडे केले. हा दृष्टान्त शपथा आणि करार मोडणाऱ्यांसाठी आहे. पण स्वतःचेच श्रम स्वतः उसवत बसणाऱ्या प्रत्येकाला त्यात आपले हात दिसावेत. काम नीटनेटके, उत्तम करणे म्हणजे इहसान, आणि ती इस्लामची शिकवण आहे. परंतु आपल्या हातून तसूभरही उणे काही बाहेर पडता कामा नये, हा आग्रह इहसान नाही. त्याच्या तळाशी ‘लोक मला काय म्हणतील’ हीच भीती असते. निर्दोष असणे हा अल्लाहच्या वाणीचा गुण आहे. मानवी पुस्तकात उणिवा राहणारच, हे मान्य करणे ही नम्रता आहे. आणि अशी नम्रता असल्याशिवाय कोणतेही पुस्तक पूर्ण होत नाही.

तिसरे कारण निराशेचे. ‘माझे वाचणार कोण? छापणार कोण? मराठीत आधीच एवढे मोठे लेखक होऊन गेले, त्यांत माझी काय गणती?’ असे विचार रात्री लिहिताना येतात. त्यांना उत्तर देणारी एक शिकवण आदरणीय प्रेषितांनी (स.) दिली आहे. कयामतची घटका येऊन ठेपली आणि कोणाच्या हातात खजुराचे रोप असेल, तर शक्य झाल्यास त्याने ते लावून टाकावे, असा तिचा आशय आहे. ते रोप कधी वाढणार नाही, त्याला फळ येणार नाही, त्याच्या सावलीत कोणी बसणार नाही, हे उघड आहे. तरीही ते लावायचे, कारण लावणाऱ्याची जबाबदारी लावण्यापुरती आहे. फळाचा हिशेब दुसऱ्या हाती आहे. आपले पुस्तक किती जण वाचतील, या चिंतेने लेखणी खाली ठेवणारा माणूस जे त्याच्याकडे सोपविलेलेच नाही त्याचे ओझे वाहत असतो.

थोडे, पण नित्य

तर मग चिकाटी आणावी कोठून? ती मोठ्या संकल्पातून येत नाही. मोठा संकल्प हे तर आरंभशूराचेच लक्षण आहे. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा, की अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे नित्य केले जाते, मग ते थोडे का असेना. येथे मापाचा क्रमच बदललेला आहे. आपण कामाचे मोल त्याच्या आकारावरून करतो. ही शिकवण ते सातत्यावरून करते. एका रात्रीत लिहिलेली वीस पाने आणि त्यानंतरचे तीन महिन्यांचे मौन यांपेक्षा रोजचे अर्धे पान श्रेष्ठ आहे. वर्षभरात ते दीडशेहून अधिक पाने होते, हा त्याचा हिशेबी लाभ. परंतु त्याहून मोठा लाभ हा, की लिहिणारा माणूस रोज त्या कामाच्या सहवासात राहतो.

अधिक खोलवर पाहिले तर कुरआनाचे अवतरणच या तत्त्वाची साक्ष देते. तो एकदम उतरला नाही. सुमारे २३ वर्षांच्या काळात, प्रसंगाप्रसंगाने, थोडा थोडा उतरला. हा संपूर्ण एकाच वेळी का उतरविला गेला नाही, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. त्याचे उत्तर सूरह अल्-फुरकानमध्ये आहे. प्रेषितांचे हृदय त्यायोगे दृढ व्हावे, हे त्यामागचे प्रयोजन. क्रमाक्रमाने होणारे काम हृदयाला बळ देते, हे सत्य जर प्रेषितत्वाच्या महान कार्यात मानले गेले, तर आपल्यासारख्यांनी एका दमात पुस्तक उरकण्याचा हट्ट कशासाठी धरावा?

या मार्गाने चाललेल्या एका विद्वानाचे उदाहरण विस्ताराने पाहण्यासारखे आहे. काहिरा येथील हाफिज इब्ने हजर असकलानी (रह.) यांनी ‘सहीह बुखारी’वर ‘फतहुल बारी’ हे भाष्य लिहिले. त्याची प्रस्तावना त्यांनी आधीच, हिजरी ८१३ मध्ये पूर्ण केली होती. मुख्य भाष्याला हिजरी ८१७ मध्ये आरंभ झाला आणि ते संपले हिजरी ८४२ च्या रजब महिन्यात. म्हणजे पंचवीस वर्षे. या काळात ते एकांतात बसलेले नव्हते. ते शिकवीत होते, फतवे देत होते, आणि हिजरी ८२७ पासून अनेकदा प्रमुख काझीपदाची जबाबदारीही त्यांच्यावर येत होती. त्या पदावरून दूर केले जाणे आणि पुन्हा नेमले जाणे, हाही क्रम चालूच होता.

तरीही काम थांबले नाही, आणि त्याचे रहस्य त्यांच्या पद्धतीत आहे. सुरुवातीला ते तोंडी सांगत व शिष्य लिहून घेत. पुढे ते स्वतःच्या हाताने थोडे थोडे लिहू लागले. एक भाग लिहून झाला की शिष्य त्याची नक्कल करीत. आठवड्यातून एक दिवस ठरलेला असे. त्या दिवशी तो भाग मोठ्याने वाचला जाई, मूळ प्रतीशी ताडून पाहिला जाई, त्यावर प्रश्न आणि चर्चा होई, दुरुस्त्या केल्या जात. मग पुढचा भाग. अशा बैठका वर्षानुवर्षे चालल्या. ग्रंथ पूर्ण झाल्यावर काहिऱ्याबाहेर मोठी मेजवानी देण्यात आली आणि तिच्यावर सुमारे ५०० दीनार खर्च झाले, अशी नोंद आहे. त्यानंतरही त्यांची भर घालण्याची सवय सुटली नाही.

या हकिकतीत दैवी प्रतिभेचा झटका कोठेच नाही. आहे तो ठरलेला वार, ठरलेले काम आणि ते ऐकणारी चार माणसे. आपण चिकाटीला मनाचा एक दुर्मीळ गुण समजतो आणि तो आपल्यात नाही म्हणून हळहळतो. इब्ने हजर यांच्या उदाहरणावरून दिसते, की चिकाटी पुष्कळ अंशी एक व्यवस्था आहे. मन ढेपाळलेल्या आठवड्यातही ती माणसाला पुन्हा आणून जागेवर बसविते. नमाजी माणसाला हे वेगळे सांगायला नको. पाच वेळांची नमाज मनाची लहर पाहून अदा केली जात नाही. वेळ झाली की माणूस उठतो, आणि कित्येकदा मन नंतर येऊन पोहोचते.

परिस्थिती अनुकूल नसेल तर

कोणी म्हणेल, काझीपदावरील विद्वानाला शिष्य होते, ग्रंथालय होते, मान होता. ज्याला काहीच नाही त्याने काय करावे? त्याच्यासाठी इमाम सरख्सी (रह.) यांचे उदाहरण आहे. हिजरी पाचव्या शतकात मध्य आशियातील उजगंद येथे राज्यकर्त्याला न रुचणारा सल्ला दिल्याबद्दल त्यांना दीर्घ काळ बंदिवासात काढावा लागला. ते एका खोल खड्ड्यात होते, असे चरित्रकार सांगतात. शिष्य वरच्या काठावर बसत आणि इमाम खालून सांगत, तसे लिहून घेत. जवळ संदर्भग्रंथ नव्हते. ‘अल्-मबसूत’ हा हनफी न्यायशास्त्राचा महाग्रंथ अशा रीतीने आकारास आला. छापील स्वरूपात त्याचे ३० भाग होतात. काही प्रकरणांच्या अखेरीस त्यांनी आपल्या बंदिवासाचा उल्लेख केला आहे.

या उदाहरणाचा उपयोग कोणाला लाजविण्यासाठी करू नये. लहान मुले, आजारी सासू आणि नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या भगिनीला ‘इमाम सरख्सींनी खड्ड्यात लिहिले, तुम्हाला काय झाले?’ असे विचारणे क्रूरपणाचे होईल. अल्लाह कोणावरही त्याच्या शक्तीपलीकडे भार टाकत नाही. त्या खड्ड्याच्या काठावर बसलेल्या शिष्यांकडे मात्र आपण सर्वांनी पाहिले पाहिजे. ते आले नसते, तर इमामांचे ज्ञान त्या खड्ड्यातच विरले असते. घरातील लिहिणाऱ्या व्यक्तीला रोज अर्ध्या तासाची शांतता मिळवून देणे, तिच्या वाटणीचे एखादे काम आपण उचलणे, तिने लिहिलेले मन लावून ऐकणे, हा त्या काठावर बसण्याचाच प्रकार आहे. चिकाटी हा एकट्याचा गुण वाटतो. परंतु पुष्कळदा ती घराने मिळून सांभाळलेली असते.

सोडून देणे केव्हा योग्य?

सुरू केलेले प्रत्येक लेखन पूर्ण केलेच पाहिजे काय? असे म्हणणे अतिरेकाचे होईल. एखाद्याने शपथ घेतली आणि नंतर त्याहून चांगली गोष्ट दिसली, तर त्याने चांगले ते करावे आणि शपथेचे प्रायश्चित्त द्यावे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. जेथे शपथेलाही ही मोकळीक आहे, तेथे कादंबरीच्या आराखड्याला ती का नसावी? लिहिताना लक्षात आले की आपण एखाद्या जिवंत माणसाची अब्रू चव्हाट्यावर मांडत आहोत, आपण जे सत्य समजून मांडले ते असत्य आहे, किंवा या लेखनापायी ज्यांचे हक्क आपल्यावर आहेत त्यांची उपेक्षा होत आहे, तर थांबणे हेच कर्तव्य ठरते.

मात्र विचारपूर्वक थांबणे आणि नुसते गळून जाणे यांत फरक आहे. विचारपूर्वक थांबणारा माणूस आपण का थांबलो हे एका वाक्यात सांगू शकतो. गळून गेलेला माणूस थांबल्याचेच मान्य करीत नाही. तो म्हणतो, ‘इन्शाअल्लाह, सवड मिळाली की लिहीन.’ उद्या हे करीन असे अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख केल्याविना म्हणू नये, असा आदेश सूरह अल्-कहफमध्ये आहे. आपल्या संकल्पाला अल्लाहच्या इच्छेशी जोडणारा तो पवित्र शब्द आहे. टाळाटाळीवर पांघरूण घालण्यासाठी त्याचा वापर होत असेल, तर स्वतःला थांबवून विचारले पाहिजे की मी संकल्प करीत आहे की सबब सांगत आहे? लेखन सोडायचे असेल तर ते सोडले असे ठरवून सोडावे. मन मोकळे होईल आणि दुसऱ्या सत्कर्माला जागा मिळेल.

अपुरे राहिले तर?

शेवटी सर्वांत कठीण प्रश्न उरतो. माणसाने सर्व काही केले, हेतू शुद्ध ठेवला, रोज लिहिले, आणि तरीही मृत्यूने मध्येच गाठले तर? ते श्रम वाया गेले काय?

‘तफसीर जलालैन’ हे भाष्य जगभरच्या मदरशांत शिकविले जाते. त्याच्या नावातच दोन जलाल आहेत. जलालुद्दीन महल्ली (रह.) यांनी सूरह अल्-कहफपासून अखेरपर्यंतचे भाष्य लिहिले, नंतर सूरह अल्-फातिहाचे लिहिले, आणि हिजरी ८६४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. पहिला अर्धा भाग राहून गेला. सहा वर्षांनंतर एकवीस वर्षांच्या जलालुद्दीन सुयूती (रह.) यांनी तो हाती घेतला आणि अवघ्या चाळीस दिवसांत त्याचा मसुदा पूर्ण केला. त्यांनी महल्लींचीच पद्धत आणि आटोपशीरपणा इतका निष्ठेने सांभाळला, की जोड कोठे आहे हे सामान्य वाचकाला जाणवतही नाही.

दुसरे उदाहरण आपल्या देशातील आहे आणि त्याचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. अल्लामा शिबली नोमानी (रह.) यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ‘सीरतुन्नबी’ या प्रेषितचरित्राचे विशाल काम हाती घेतले. १९०७ साली बंदुकीच्या अपघातात त्यांनी एक पाय गमावला होता. भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ यांनी या कार्याला आर्थिक पाठबळ दिले होते. १८ नोव्हेंबर १९१४ रोजी आजमगढ येथे शिबलींचे निधन झाले, तेव्हा चरित्राचा एकही खंड प्रसिद्ध झालेला नव्हता. त्यांचे शिष्य सय्यद सुलैमान नदवी त्या वेळी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात फारसीचे अध्यापन करीत होते. वय तीस वर्षांचे, नोकरी प्रतिष्ठेची. मृत्युशय्येवरील गुरूच्या बोलावण्यावरून ते आजमगढला गेले, ती नोकरी त्यांनी सोडली आणि दारुल मुसन्निफीन या संस्थेत राहून गुरूचे काम पुढे चालविले. शिबलींनी लिहिलेले पहिले दोन खंड त्यांनी प्रकाशित केले. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे चार खंड स्वतः लिहिले. त्यांत चमत्कार, श्रद्धा, उपासना, नीती असे विषय आले. यात जवळजवळ पाव शतक गेले. १९५३ मध्ये सुलैमान नदवींचे निधन झाले, तेव्हा सातवा खंड अपुराच होता, आणि पुढे तो तसाच प्रकाशित झाला.

म्हणजे ज्याने दुसऱ्याचे अपुरे काम पूर्ण करायला घेतले, त्याचेही काम अपुरे राहिले. मग याला अपयश म्हणायचे काय? कुरआनाच्या सूरह अन्-निसामध्ये असा दिलासा आहे, की जो अल्लाह व त्याच्या प्रेषिताकडे हिजरत करण्यासाठी घराबाहेर पडला आणि वाटेतच मृत्यूने त्याला गाठले, त्याचा मोबदला अल्लाहकडे निश्चित झाला. येथे पोहोचणे आणि निघालेले असणे यांतील अंतर मिटले आहे. यावरून असे म्हणता येईल की पूर्णता दोन प्रकारची असते. एक कृतीची पूर्णता; ती आयुष्य, आरोग्य आणि परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून ती आपल्या हाती नाही. दुसरी कर्त्याची पूर्णता. मृत्यू आला तेव्हा तो आपल्या कामावर होता की नव्हता, एवढाच तिचा निकष आहे. इस्तिकामतची अपेक्षा या दुसऱ्या पूर्णतेबाबत आहे. शिबलींचा अपुरा ग्रंथ आणि कपाटात विसरलेली आपली वही, दोन्ही अपुऱ्याच दिसतात. परंतु त्यांची नैतिक प्रतवारी एक नाही. एक वाटेवर थांबविली गेली. दुसरी वाटेवर सोडून दिली गेली.

या दोन्ही उदाहरणांतून आणखी एक बोध मिळतो. महल्लींचे काम सुयूतींना पुढे नेता आले, कारण त्यांची पद्धत स्पष्ट होती. शिबलींचे काम शिष्याला चालविता आले, कारण आराखडा आणि साहित्य जागेवर होते. आपण अशा रीतीने लिहावे की उद्या आपण नसलो तरी दुसऱ्याला तेथून पुढे जाता यावे. कागद क्रमाने लावलेले असावेत, तारखा घातलेल्या असाव्यात, पुढे काय लिहायचे आहे याची टिपणे असावीत. ज्याच्याजवळ वसीयत करण्यासारखे काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्याविना रात्री घालवू नयेत, अशी शिकवण आहे. मालमत्तेची वसीयत आपण करतो. या वहीत काय आहे आणि ती कोणाच्या हाती जावी, हेही घरच्यांना सांगून ठेवावे. आणि ज्यांच्या घरी आजोबांची वा आईची अशी एखादी वही पडून आहे, त्यांनी ती एकदा उघडून पाहावी. कदाचित तिच्यातील कोरी पाने आपलीच वाट पाहत असतील.

पुन्हा लेखणी हाती घेताना

वाचकहो, ज्यांचे लेखन थांबले आहे त्यांनी आज मोठी प्रतिज्ञा करू नये. जेथे थांबलात ते पान उघडा. एखाद्या नमाजेची वेळ निवडा आणि तिच्यानंतरचा थोडा काळ या कामासाठी ठरवून टाका. फजरनंतरचा काळ साधला तर उत्तमच, आपल्या अनुयायांच्या सकाळच्या वेळेत बरकत मिळावी, अशी दुआ प्रेषितांनी (स.) केली आहे. रोजचा हिस्सा इतका लहान ठेवा की थकल्या दिवशीही तो टाळण्याची लाज वाटावी. काम संपेपर्यंत त्याची चर्चा कमी करा. पण आठवड्यातून एकदा एखाद्या प्रामाणिक माणसाला लिहिलेले वाचून दाखवा. पहिले प्रकरण पुन्हा लिहिण्याचा मोह शेवटचे प्रकरण होईपर्यंत आवरा.

आणि ज्या दिवशी शेवटचे वाक्य लिहून होईल, त्या दिवसाचीही शिकवण आपल्याला दिलेली आहे. सूरह अन्-नस्रमध्ये विजय आणि यश पदरात पडल्याच्या क्षणी स्तुती आणि क्षमायाचना करण्याचा आदेश आहे. काम पूर्ण झाले ते त्याच्या कृपेने, म्हणून स्तुती. त्यात जे उणे राहिले ते आपल्यामुळे, म्हणून क्षमायाचना. हजरत इब्राहीम (अ.) आणि हजरत इस्माईल (अ.) काबागृहाच्या भिंती उभारीत होते, तेव्हाही त्यांच्या ओठांवर आपली ही सेवा स्वीकारली जावी एवढीच विनंती होती. भिंत मात्र ते रचीतच होते.

अल्लाह आपल्या लेखणीला सत्याची साथ, हेतूला शुद्धता आणि हातांना सातत्य देवो. जे आपण सुरू केले ते पूर्ण करण्याचे सामर्थ्य देवो आणि जे आपल्या हातून अपुरे राहील, ते पुढे नेणारे हात निर्माण करो. आमीन.